निपाणीचा पिन आणि नेटवर्कची पहिली परीक्षा

अर्जुननगर निपाणीला अगदी खेटून आहे, पण दोहोंच्या मधून राज्याची सीमा जाते. तिथले देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते. संलग्नता शिवाजी विद्यापीठाची. मात्र या महाविद्यालयाला पत्र पाठवताना जो पिन कोड लिहायचा तो ५९१ ने सुरू होतो, आणि ५९१ ही मालिका बेळगाव जिल्ह्याची आहे. कोल्हापूरचा पिन ४१६ ने सुरू होतो. मग महाराष्ट्रातल्या कॉलेजला कर्नाटकाचा पिन कसा?

दुसरे कोडे याच्याच जोडीचे. निपाणीत बसून मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडावे, तर ते हवामान बेंगळुरूचे दाखवते. शेजारी बसलेल्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, तेच संकेतस्थळ त्याला मुंबईकर समजते. दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात.

दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. पत्ता ठरवला जातो तो टपाल कोणत्या वाटेने पोचवायचे यावरून. राज्याची हद्द कुठे संपते, याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. अर्जुननगरचे टपाल निपाणीमार्गे जाणे सोयीचे, म्हणून पिन निपाणीच्या कुळातला. ही गोष्ट ज्याला नीट उमगली, त्याने कॉम्प्युटर नेटवर्किंगमधला सर्वांत महत्त्वाचा धडा गिरवला असे मी मानतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात दहावी, बारावी किंवा डिप्लोमा झालेली अनेक मुले-मुली ‘नेटवर्किंगचा कोर्स’ करण्याचा विचार करतात. त्या कोर्समध्ये नक्की काय शिकायचे आणि त्याचे प्रमाणपत्र म्हणजे कशाची हमी, हे फी भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना कळावे, यासाठी हा लेख.

वेलणकरांचा पिन, संगणकाचा आयपी

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे कर्ते. सहा आकड्यांची त्यांची रचना डावीकडून उजवीकडे अरुंद होत जाते. पहिला आकडा विभागाचा: ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ५ मध्ये कर्नाटक, आंध्र, तेलंगण. पहिले तीन आकडे मिळून टपाल छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे प्रत्यक्ष टपाल कार्यालय. दिल्लीत पत्रे वेगळी करणाऱ्या माणसाला निपाणीची गल्ली माहीत असण्याची गरज नाही. त्याने सुरुवातीचे आकडे पाहून थैला दक्षिणेकडे धाडला की त्याचे काम झाले. शेवटचे तीन आकडे वाचायचे काम बेळगावात पोचल्यावर.

इंटरनेटवर हेच काम आयपी पत्ता करतो. चार आकडे, मध्ये टिंब, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७०. डावीकडचा भाग ‘कोणते नेटवर्क’ हे सांगतो, उजवीकडचा ‘त्यातले कोणते यंत्र’ हे. तुम्ही पाठवलेला फोटो छोट्या तुकड्यांत फोडला जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी लिहिलेला असतो. वाटेत जागोजागी राउटर असतात. राउटर पत्त्याचा डावा भाग वाचतो, आपल्याकडच्या तक्त्यात त्याच्याशी सर्वांत जास्त आकड्यांपर्यंत जुळणारी नोंद शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे सरकवतो. संपूर्ण वाट एकाही राउटरला ठाऊक नसते. प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा माहीत असतो, आणि तेवढ्यावर पॅकेट अमेरिकेपर्यंत जाऊन परत येते.

आता मोबाइलच्या कोड्याकडे. या चार आकड्यांतून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते बनतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर, आणि माणशी यंत्रे अनेक. म्हणून १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार काही मालिका ‘खासगी’ म्हणून बाजूला ठेवल्या आहेत: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपल्या घरात, कार्यालयात वापरावेत. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर खासगी पत्ता पुसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो आणि उत्तर आले की ते योग्य यंत्राकडे वळवतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. मोबाइल कंपन्या हीच अदलाबदल हजारो ग्राहकांसाठी एकत्र करतात, आणि ती करणारी यंत्रणा मोठ्या शहरात असते. संकेतस्थळाला दिसतो तो त्या शहरातला पत्ता. निपाणी त्याला दिसतच नाही.

१२८ बिटांचे नवे पत्ते, म्हणजे आयपीव्ही-६, आता भारतात सर्रास वापरात आहेत आणि परीक्षेतही आहेत. पण शिकायला सुरुवात जुन्या चार आकड्यांपासूनच करावी.

वायफाय फुल्ल, नेट नाही

फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आहेत, तरी काहीच उघडत नाही. घरातला जाणता राउटर बंद करून चालू करतो. कधी जमते, कधी नाही. शिकलेला तंत्रज्ञ इथे काय वेगळे करतो, ते पाहण्यासारखे आहे, कारण प्रमाणपत्राच्या परीक्षेत प्रामुख्याने हीच विचारपद्धती तपासली जाते.

वायफायच्या रेघा फक्त एवढेच सांगतात की तुमचा फोन आणि घरातला राउटर यांचे बोलणे नीट चालले आहे. पुढच्या वाटेबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. म्हणून तंत्रज्ञ आधी फायबरच्या डबीवरचे दिवे बघतो. तिला ओएनटी म्हणतात. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. कुठेतरी रस्त्याच्या खुदाईत जेसीबीने फायबर तोडली असण्याची शक्यता मोठी. मग घरातल्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

दिवे ठीक असतील तर तो लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर निदान जवळजवळ झालेच. यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी नावाची सेवा करते. ती सेवा सापडली नाही की विंडोज स्वतःच या मालिकेतला एक पत्ता घेऊन बसते. अशा पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही.

पत्ता नीट असेल तर पुढची पायरी ‘पिंग’. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला छोटे पॅकेट पाठवून उत्तर मागणे. आधी घरच्या राउटरला, म्हणजे गेटवेला, बहुधा १९२.१६८.१.१ ला. तिथून उत्तर आले तर घरातली वाट शाबूत. मग बाहेरच्या ८.८.८.८ ला, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. तिथूनही उत्तर आले म्हणजे इंटरनेट सुरूच आहे! तरी संकेतस्थळे उघडत नसतील तर बिघाड डीएनएसमध्ये. माणसे नावे लक्षात ठेवतात, राउटर आकडे वाचतात. नावावरून आकडा काढून देण्याची सेवा म्हणजे डीएनएस. ती रुसली की नेट ‘गेलेले’ वाटते, प्रत्यक्षात वाट मोकळी असते.

पिंगचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले, हेही बोलके असते. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बेळगाव ते बेंगळुरू अंतर सुमारे ५०० किलोमीटर धरले तर जाऊन येऊन ५ मिलिसेकंद ही निसर्गाची किमान मर्यादा. वाटेतली यंत्रे धरून १५-२० लागले तर ठीक. २५० लागले तर पॅकेट कुठेतरी गर्दीत अडकते आहे किंवा परदेशाचा फेरा घालून येते आहे. ते कुठे, हे ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा टप्प्याटप्प्याने दाखवते.

तार, मग पत्ता, मग वाट, मग नाव, आणि शेवटी ते संकेतस्थळ. खालून वर जाण्याचा हा क्रम १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलेल्या ओएसआय या सात थरांच्या आराखड्यातून आला आहे. पुस्तकात सात थर पाठ करायला लावतात आणि मुले कंटाळतात. बिघाड समोर ठेवून शिकवले तर तेच थर आठवड्याभरात अंगवळणी पडतात.

एका कारखान्याचे चार भाग

नेटवर्किंगच्या परीक्षेत सर्वांत जास्त मुले अडखळतात ती सबनेटिंगवर, म्हणजे एका नेटवर्कचे छोटे भाग पाडण्यावर. बेळगावच्या उद्यमबागेतला मध्यम आकाराचा एक कारखाना कल्पनेत घेऊ. कार्यालयात ४० संगणक, आवारात ५५ कॅमेरे, शॉप फ्लोअरवर २० सीएनसी यंत्रे, आणि भेटीला येणाऱ्यांसाठी वायफाय. सगळ्यांना १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ या एकाच मालिकेत टाकता येईल. पण मग पाहुण्याच्या फोनमधला व्हायरस थेट सीएनसी यंत्रापर्यंत पोचू शकतो. शिवाय प्रत्येक यंत्र अधूनमधून ‘अमुक पत्ता कोणाचा?’ असा पुकारा सगळ्यांना करते, आणि ती गर्दी सगळ्यांनाच सोसावी लागते.

म्हणून २५६ पत्त्यांचे ६४-६४ चे चार भाग करायचे: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. प्रत्येक भागातला पहिला पत्ता त्या नेटवर्कच्या नावासाठी आणि शेवटचा सामायिक पुकाऱ्यासाठी राखीव. उरले ६२. कॅमेरे ५५, म्हणजे बसतात. उद्या कॅमेरे ७० झाले तर बसणार नाहीत, आणि आराखडा बदलावा लागेल. हा हिशेब कागदावर आधी करणारा माणूस कारखान्याला हवा असतो.

पत्त्याचे किती आकडे ‘नेटवर्क’चे, हे यंत्राला सांगणारी खूण म्हणजे सबनेट मास्क. पिनमध्ये ‘पहिले तीन आकडे जिल्ह्याचे’ हे कायमचे ठरलेले आहे. आयपीत ही रेघ आपण हवी तिथे ओढू शकतो. वरच्या उदाहरणात पत्त्याच्या एकूण ३२ बिटांपैकी २६ नेटवर्कचे आहेत, म्हणून त्याला ‘स्लॅश २६’ म्हणतात आणि मास्क होतो २५५.२५५.२५५.१९२.

समजा, कार्यालयातल्या एका संगणकावर चुकून २५५.२५५.२५५.० असा मास्क भरला गेला. त्या संगणकावर नेट चालते, ईमेल जाते, पण दुसऱ्या भागातला १९२.१६८.१०.७० हा कॅमेरा काही केल्या दिसत नाही. शेजारच्या संगणकावर तोच कॅमेरा व्यवस्थित दिसतो. कारण असे की, चुकीच्या मास्कमुळे या संगणकाला वाटते कॅमेरा आपल्याच भागात आहे. तो पॅकेट राउटरकडे देतच नाही, स्वतःच्या भागात पुकारा करत राहतो, आणि तिथे त्याला उत्तर देणारे कोणी नाही. केबल बदला, कॅमेरा बदला, काही उपयोग होणार नाही. एक आकडा दुरुस्त केला की काम झाले. असा बिघाड शोधून काढण्याचा आनंद ज्याला कळला, त्याला या पेशात करमते.

परीक्षा कोणत्या?

नेटवर्किंगच्या दुनियेत पहिल्या पायरीवर तीन नावे वारंवार ऐकू येतात.

सर्वांत सोपी, राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएसटी नेटवर्किंग. ही २०२३ साली आली. ५० मिनिटांची परीक्षा. केबल, पत्ते, वायफाय, प्राथमिक बिघाड-शोध एवढाच आवाका. दुसरी, कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस. हिची सध्याची आवृत्ती जून २०२४ मधली. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि १०० ते ९०० च्या मापावर ७२० गुणांना पास. ती कोणत्याही एका कंपनीच्या यंत्रांशी बांधलेली नाही.

तिसरी सीसीएनए. १९९८ पासून चालत आलेली ही सिस्कोची परीक्षा आजही भारतातल्या नोकरीच्या जाहिरातींत सर्वाधिक दिसते. सध्याचा साचा फेब्रुवारी २०२० पासूनचा, ऑगस्ट २०२४ मध्ये थोडा सुधारलेला. वेळ १२० मिनिटे. पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. शिक्षणाची कोणतीही पूर्वअट नाही; बारावी नापास मुलगाही बसू शकतो. अभ्यासक्रमाची वाटणी सिस्कोने जाहीर केलेली आहे: नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच व वायफाय २० टक्के, राउटिंग २५ टक्के, डीएचसीपी-नॅटसारख्या सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के, आणि स्वयंचलन १० टक्के. या वाटणीकडे नीट पाहा. पत्ते आणि वाट या दोनच गोष्टींवर पक्की पकड असेल तर जवळजवळ निम्मी परीक्षा हातात येते.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे पाहून काही पालक विचारतात, एमएस-सीआयटी झाली आहे, मग हे कशाला? एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवते. दोन संगणक एकमेकांशी बोलतात कसे, हा विषय तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

चौकट: टेबलाशेजारी चिकटवून ठेवावे असे

आरजे-४५ टोकाला तारांचा क्रम (टी-५६८-बी, पिन १ पासून): पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
तांब्याच्या लॅन केबलची कमाल लांबी: १०० मीटर. त्यापुढे मध्ये स्विच किंवा फायबर.
आयपी पत्ता ३२ बिटांचा, बदलू शकणारा. मॅक पत्ता ४८ बिटांचा, नेटवर्क कार्डासोबत कारखान्यातून आलेला.
तपासणीचा क्रम: दिवे, केबल, स्वतःचा पत्ता, गेटवे, ८.८.८.८, मग नाव.

बेळगाव-निपाणीत शिकायचे कसे

बेळगाव हे तंत्रशिक्षणाचे गाव आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून इथे, मच्छेजवळ. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ पासून उद्यमबागेत. निपाणीत विद्या संवर्धक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यापीठाच्या संगणकशास्त्र शाखेत ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा विषय पाचव्या सत्रात येतो. तो सैद्धांतिक पाया चांगला घालतो, पण राउटरवर हात बसायला तेवढे पुरत नाही. दहावीनंतर लवकर कामाला लागायचे असेल तर आयटीआयमधली आयसीटीएसएम ही दोन वर्षांची शाखा पाहावी. संगणक, नेटवर्क आणि त्यांची देखभाल हाच तिचा विषय. एका वर्षाच्या कोपा शाखेत भर संगणक चालवण्यावर असतो.

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांपुढे खरा अडसर भाषेचा आहे. दहावीपर्यंत मराठी, मग पीयूसी विज्ञान इंग्रजीत, आणि या परीक्षाही इंग्रजीत. यावर माझा आग्रहाचा सल्ला असा: संकल्पना मराठीत समजून घ्या, एकमेकांना मराठीत समजावून सांगा, पण शब्द मात्र गेटवे, स्विच, मास्क हेच ठेवा. इंग्रजी पाठ्यपुस्तकातले दोन परिच्छेद रोज मोठ्याने वाचा. प्रश्नांतले इंग्रजी साधे असते. गोंधळ होतो तो ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ हे शब्द घाईत निसटल्याने.

सरावासाठी महागडे राउटर विकत घ्यायची गरज नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून चालू आहे. तिच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी केली की पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मिळते. त्यात स्विच, राउटर, केबल पडद्यावर जोडता येतात, खऱ्यासारख्या आज्ञा देता येतात आणि पॅकेट एकेक टप्पा पुढे सरकताना डोळ्यांनी बघता येते. वरचा कारखाना आधी त्यातच बांधून पाहावा, मग मुद्दाम मास्क बिघडवावा. सोबत क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि थोडी केबल घेतली तर हाताचाही सराव होतो. यापलीकडे पहिल्या सहा महिन्यांत काही लागत नाही.

पैसा कुठे लावावा, कुठे नाही

सीसीएनएची फी ३०० डॉलर आहे. कर धरून तीस हजार रुपयांच्या घरात जाते. निपाणीतल्या सामान्य घरासाठी ही मोठी रक्कम आहे, आणि नापास झालात तर परत मिळत नाही. पाच दिवसांनी पुन्हा बसता येते, पण पुन्हा पूर्ण फी भरून. म्हणून मी सांगेन की, कोणतीही सबनेट कागदावर मिनिटाच्या आत काढता येऊ लागल्याशिवाय आणि पॅकेट ट्रेसरमध्ये दुसऱ्याने बिघडवलेले नेटवर्क स्वतः दुरुस्त केल्याशिवाय तारीख घेऊ नये. तोवर सीसीएसटी देऊन परीक्षेची भीती मोडता येईल. तिची फी निम्म्याहून कमी आहे.

‘शंभर टक्के पास’ची हमी देणाऱ्यांपासून दूर राहा. त्यांच्याकडे बहुधा ‘डम्प’ असतात, म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न. ते वापरल्याचे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. त्याहून मोठे नुकसान मुलाखतीत होते. समोरचा इंजिनिअर एक पांढरा कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘नॅट कसे चालते, काढून दाखवा.’ पाठ केलेली उत्तरे तिथे संपतात. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा क्लासही टाळावा.

पहिली नोकरी

सुरुवात बहुधा तीनपैकी एका दारातून होते. गावातल्या इंटरनेट सेवा देणाऱ्याकडे फिल्डवर: फायबर ओढणे, जोड देणे, ग्राहकाच्या घरी ओएनटी बसवणे. किंवा एखाद्या संस्थेत आयटी सपोर्ट: इस्पितळ, कॉलेज, पतसंस्था, साखर कारखाना, उद्यमबागेतली फाउंड्री, सगळीकडे आता नेटवर्क आहे आणि ते पडले की काम थांबते. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडले गेले. चौकातले कॅमेरे आणि सिग्नल एका नियंत्रण कक्षाला जोडायचे तर तेही काम शेवटी स्विच, फायबर आणि आयपी पत्त्यांचेच. तिसरे दार पुणे-बेंगळुरूचे: एनओसी, म्हणजे चोवीस तास नेटवर्कवर नजर ठेवणारे केंद्र. रात्रपाळी कष्टाची असते, पण वर्षभरात जितके बिघाड तिथे पाहायला मिळतात तितके एका कार्यालयात दहा वर्षांत दिसत नाहीत. फिल्डवरच्या कामाला कमी लेखू नये. ज्याने भर पावसात खांबाजवळ तुटलेली फायबर जोडली आहे, त्याला पुढे एनओसीत बसल्यावर ‘लिंक डाउन’ या दोन शब्दांमागे काय असते ते नेमके कळते.

सीसीएनए तीन वर्षे टिकते. त्यानंतर पुन्हा तीच परीक्षा द्यावी, वरची सीसीएनपीची द्यावी, किंवा या काळात प्रशिक्षणाचे ३० गुण जमवून नूतनीकरण करावे. हे गुण मिळवून देणारे काही कोर्स सिस्को अधूनमधून मोफत देते, त्यांवर लक्ष ठेवावे. नोकरी लागली असेल तर वरच्या परीक्षेची फी कंपनी देते का, हे रुजू होतानाच विचारून घ्यावे.